वर्धापनाचा मंच कुणाचा? रॉयल अल्बर्ट हॉल आणि ऐंशीच्या घरातले रॉकवाले

पूर्वरंग

लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल २९ मार्च १८७१ रोजी उघडला. २०२१ मध्ये दीडशे वर्षं पूर्ण झाली, तेव्हा कोविडमुळे दारं बंद होती. प्रेक्षकांसमोरचा सोहळा जुलैत झाला आणि पुढे बराच काळ कार्यक्रम चालू राहिले. अशा प्रत्येक मोठ्या वर्षदिनाला रॉक ऐकणाऱ्यांत एक वाद हमखास निघतो, तो या धाग्यात मांडतोय. मंच कुणाला द्यायचा? साठ-सत्तरच्या दशकात नाव काढलेल्या, आता पंचाहत्तरी-ऐंशी गाठलेल्या बँडना, की आज पंचविशीत असलेल्यांना?

माझं मत स्पष्ट आहे. पहिला मान जुन्यांचा.

हा हॉल रॉकसाठी बांधलेला नाही. व्हिक्टोरिया राणीने दिवंगत नवऱ्याच्या स्मरणार्थ त्याला नाव दिलं. आत ९,९९९ नळ्यांचा अजस्र ऑर्गन आहे. तिथे रॉकला जागा मिळाली ती काही माणसांनी ती हक्काने मिळवली म्हणून. २४ सप्टेंबर १९६९ ला डीप पर्पल हा रॉक बँड तिथे रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायला उभे राहिले. रचना त्यांच्या जॉन लॉर्डची, संचालन माल्कम आर्नोल्ड यांचं. शास्त्रीय वाद्यवृंद आणि विजेवरची गिटार तासभर एकमेकांशी बोलत राहिली. पुढे त्या रचनेची लिखित स्वरलिपीच हरवली. मार्को द गोए या डच संगीतकाराने जुनं ध्वनिमुद्रण आणि चित्रण पुन्हा पुन्हा ऐकून-पाहून ती नव्याने उतरवून काढली, लॉर्डने स्वतः त्यात भर घातली, आणि तीस वर्षांनी, सप्टेंबर १९९९ मध्ये, त्याच हॉलमध्ये ती पुन्हा वाजली. या वेळी सोबत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा.

वर्धापन म्हणजे मला हे वाटतं. ज्या भिंतींनी एखादी गोष्ट पहिल्यांदा ऐकली, त्यांच्यासमोर ती त्याच हातांनी पुन्हा वाजणं. लॉर्ड २०१२ मध्ये गेला. १९९९ मध्ये कुणी म्हटलं असतं की "आता नव्यांना द्या", तर त्याने लिहिलेलं त्याच्याच बोटांतून त्या जागी ऐकायची संधी कायमची गेली असती.

तिसरी_घंटा

ठाम असहमत. आणि तुमचंच उदाहरण घेऊन सांगते.

१९६९ मध्ये जॉन लॉर्ड किती वर्षांचा होता? अठ्ठावीस. ९ जानेवारी १९७० ला लेड झेपलिन तिथे वाजले, तो त्यांच्या गिटारवादकाचा, जिमी पेजचा, सव्विसावा वाढदिवस होता. १५ सप्टेंबर १९६३ च्या एकाच कार्यक्रमात बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स दोघेही होते, आणि त्यातले बहुतेक जण जेमतेम विशीतले. ज्या रात्रींमुळे या हॉलच्या रॉक-इतिहासाला इतिहास म्हणायचं, त्या झाडून सगळ्या तरुणांच्या आहेत. तेव्हाच्या व्यवस्थापनाने "वर्धापन आहे, अनुभवी मंडळींना बोलवा" असा विचार केला असता तर आज तुम्हाला आठवण काढायला काही उरलंच नसतं.

पंचवीस वर्षांच्या पोरांना अशा रात्री मंच द्या. त्यातल्या एखाद्याची २०७१ मध्ये कुणीतरी आठवण काढेल. जुन्यांना बोलावून तुम्ही इतिहास साजरा करता, पण पुढचा इतिहास घडायची रात्र वाया घालवता.

टेम्सकाठी

लंडनला राहतो, हॉलला बऱ्यापैकी नियमित जातो, म्हणून लिहितो.

मार्च २०२५ मध्ये द हू हा जुना रॉक बँड तिथे वाजला. कर्करोग झालेल्या किशोरवयीन मुलांसाठी टीनएज कॅन्सर ट्रस्ट ही संस्था काम करते. तिच्यासाठी त्यांचा गायक रॉजर डॉल्ट्रीने २००० पासून जवळजवळ दरवर्षी या हॉलमध्ये कार्यक्रमांचा आठवडा उभा केला, त्याचंच हे पंचविसावं वर्ष होतं. डॉल्ट्री तेव्हा ८१ वर्षांचा. त्याने मंचावरूनच सांगितलं की ऐकू येणं तर कमी झालंच आहे, आता दिसणंही कमी होतंय. नशीब की आवाज अजून शाबूत आहे. ज्यांना द हूचा आंधळ्या-बहिऱ्या-मुक्या मुलाच्या कथेवरचा अल्बम माहीत आहे, त्यांना हे ऐकताना काय वाटलं असेल ते सांगायला नको.

आवाज चिरका झाला होता का? काही ठिकाणी, हो. पण त्याच माणसाने १९६९ च्या जुलैत याच मंचावर अमेरिकन रॉक गायक चक बेरीबरोबर एका कार्यक्रमात हजेरी लावली होती. त्याच दिवशी पलीकडे हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सचा फुकट कार्यक्रम चालू होता. इतक्या वर्षांनी तो तिथे उभा राहून आजारी मुलांसाठी गातो, हे वर्धापनाहून मोठं आहे असं मी म्हणेन. त्या आठवड्यांनी पंचवीस वर्षांत ३ कोटी पौंडांहून अधिक निधी उभा केला.

मंद्रसप्तक

टेम्सकाठी, भावना समजते. पण त्याच मार्चच्या कार्यक्रमातली दुसरी गोष्टही सांगा ना. एका गाण्यात डॉल्ट्रीने मंचावरूनच तक्रार केली की ड्रमच्या दणदणाटात त्याला सूर ऐकू येत नाही. पुढच्याच महिन्यात झॅक स्टार्की, म्हणजे १९९६ पासून त्यांच्याबरोबर वाजवणारा ड्रमर, बँडबाहेर. मग परत आत, मग पुन्हा बाहेर. जवळजवळ तीस वर्षांची साथ!

मी ध्वनीच्या कामातला आहे, म्हणून हा मुद्दा मला कुणाच्या स्वभावाचा वाटत नाही, जागेचा आणि वयाचा वाटतो. अल्बर्ट हॉल लंबगोल, वर प्रचंड घुमट. उद्घाटनाच्या दिवसापासून तिथल्या प्रतिध्वनीची तक्रार आहे. १९६९ मध्ये छताला फायबरग्लासच्या त्या मोठ्या तबकड्या टांगल्या, तेव्हा घुमटाचा त्रास कमी झाला. २०१८-१९ मध्ये स्पीकरची सगळी यंत्रणा नवी बसवली. प्रेक्षकाला आता बरंच स्वच्छ ऐकू येतं. मंचावरच्या माणसाचं गणित वेगळं असतं. आपला सूर ओळखायला त्याला स्वतःचे कान लागतात, आणि आयुष्यभर ॲम्प्लिफायरसमोर उभं राहिलेले कान ऐंशीव्या वर्षी ते काम पूर्वीसारखं करत नाहीत. स्वतःचा आवाज ऐकवणारा कानातला मॉनिटर कितीही चांगला द्या, वरचे सूर ज्याला ऐकूच येत नाहीत त्याला ते कुठलं यंत्र परत देणार?

म्हणून माझं म्हणणं: बोलवा, पण संपूर्ण रात्र त्यांच्या खांद्यावर टाकू नका. अर्धा तास, निवडक गाणी, पट्टी खाली उतरवून. पट्टी उतरवण्यात कमीपणा नाही. आपल्याकडे उतारवयातल्या गवयाने पांढरी चारची पांढरी दोन केली तर कुणी उठून जात नाही.

पूर्वरंग

मंद्रसप्तक, अर्धा तास ही कल्पनाच मला पटत नाही. क्रीम या तिघांच्या बँडचं बघा. २६ नोव्हेंबर १९६८ ला याच हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम करून ते वेगळे झाले. २००५ च्या मे महिन्यात त्याच मंचावर चार रात्री पूर्ण कार्यक्रम केला. जॅक ब्रूसचं त्याआधी दोन वर्षांपूर्वी यकृत-प्रत्यारोपण झालेलं, जिंजर बेकरला संधिवात. १९६८ चा वेग नव्हता. पण तिघं एकमेकांकडे बघून, एकमेकांना जागा देत वाजवत होते, आणि तेव्हा जे धावपळीत निसटायचं ते आता ऐकू येत होतं. ब्रूस २०१४ ला गेला, बेकर २०१९ ला. अर्ध्या तासात हे झालं नसतं. सूर लागायलाच पहिली तीन-चार गाणी जातात.

तिसरी_घंटा

पण क्रीम स्वतःच्या नावावर आले, स्वतःची तिकिटं विकली. छानच. त्याला कुणाचा विरोध? वाद हॉलच्या वर्धापनाचा आहे. तो दिवस संस्थेचा असतो. त्या दिवशी कुणाला बोलावलं यावरून कळतं की संस्था स्वतःला काय समजते.

आणि या संस्थेने या लोकांना कसं वागवलं होतं? २६ जून १९६९ ला पिंक फ्लॉइड या बँडने मंचावर तोफ उडवली, करवतीने लाकूड कापलं, गोरिलाच्या वेषातला माणूस प्रेक्षकांत फिरवला, आणि हॉलने त्यांच्यावर आजन्म बंदी घातली. फेब्रुवारी १९७१ मध्ये अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाचा रॉयल फिलहार्मोनिकबरोबरचा कार्यक्रम गाण्यांतल्या अश्लील शब्दांचं कारण देऊन ऐन वेळी रद्द केला. झापा कोर्टात गेला आणि १९७५ मध्ये हरला. आज त्याच काळाचं कौतुक करून हॉल मिरवतो. मला यात अन्याय दिसतो. बंदी घालताना तरुण नको होते, आता सत्कार करताना म्हातारे हवेत.

झापाच्या जागी आज जो कुणी आहे, ज्याला बोलवायला व्यवस्थापन कचरतं, त्याला बोलवा. तो वर्धापनदिन मला बघायला आवडेल.

आजोळ

वाचतेय केव्हापासून, आता लिहितेच.

१९७४ मध्ये लता मंगेशकर अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. आमच्या घरी त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिका होत्या, सुरुवातीला दिलीपकुमार त्यांची ओळख करून देतात ते अजून कानात आहे. लतादीदी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या, आणि तीसहून अधिक वर्षं गात होत्या. समोर बसलेले कित्येक जण देश सोडून आलेले. ते एखादा नवा आवाज शोधायला आले नव्हते. आयुष्यभर रेडिओवर ऐकलेला आवाज एकदा समोर उभा बघायचा होता.

तिसरी_घंटाताई, तुमच्या हिशोबात हा प्रेक्षक कुठेच नाही. ज्याने सतराव्या वर्षी रेकॉर्ड विकत घेतली आणि आज सत्तरीत आहे, त्याचंही त्या हॉलशी नातं आहे. त्याला आणि त्या गायकाला एका छताखाली आणायला वर्धापनाहून चांगलं निमित्त कोणतं?

तिसरी_घंटा

आजोळ, तुमचं उदाहरण सुंदर आहे, पण ते माझ्या बाजूने जातं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. लताबाई तिथे आल्या त्या हॉलच्या जुन्या आठवणींसाठी नव्हे. त्या दिवशी हॉलने एक नवा प्रेक्षक आत घेतला, जो एरवी त्या दारातून फारसा जात नव्हता. वय चव्वेचाळीस असो की चोवीस, त्या मंचासाठी ती गोष्ट नवी होती. मला एवढंच हवंय.

बाल्कनी

हॉलच्या नावाचा दबदबा किती, याची एक जोड देतो. बॉब डिलनचं १९६६ चं जे प्रसिद्ध चोरटं ध्वनिमुद्रण वर्षानुवर्षं "रॉयल अल्बर्ट हॉल" म्हणून फिरलं, ते प्रत्यक्षात मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधलं. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन बँडचा १९८० मध्ये आलेला अल्बमही आधी अल्बर्ट हॉलच्या नावाने विकला गेला, आणि मग उघड झालं की तो कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा कार्यक्रम आहे. त्यांचं १९७० चं खरं अल्बर्ट हॉलमधलं ध्वनिमुद्रण २०२२ मध्ये बाहेर आलं.

दुसऱ्या शहरातली रात्रसुद्धा या नावाने खपते, इतकं या नावाला वजन आहे. हे वजन ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांना आणखी देऊन काय होणार? ते नवख्यांच्या उपयोगी पडू दे. माझं मत तिसरी_घंटाला.

टेम्सकाठी

दोन्ही बाजू "हे किंवा ते" म्हणतायत, पण प्रत्यक्षात तसं घडत नाही. डेव्हिड गिल्मर, म्हणजे त्याच बंदी घातलेल्या पिंक फ्लॉइडचा गिटारवादक, २००६ मध्ये या हॉलमध्ये वाजवून गेला, त्यानंतर २०१५-१६ ला आला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा. तेव्हा तो ७८ चा. त्याच कार्यक्रमात त्याची बावीस वर्षांची मुलगी रोमनी हार्प घेऊन गायली, आणि त्या गाण्याला हॉल एकदम शांत झाला. डॉल्ट्रीच्या आठवड्यातही २०१७ मध्ये एड शीरन होता, तेव्हा सव्विशीतला. म्हणजे जुन्याने रात्र हातात घ्यायची आणि तिच्यात नव्याला उभं करायचं.

मला खरी अडचण वेगळीकडे दिसते. हॉलच्या ५,२७२ खुर्च्यांपैकी सुमारे सव्वा हजार खाजगी मालकीच्या आहेत. बांधकामाला पैसा उभा करताना प्रत्येकी १०० पौंडांना ९९९ वर्षांच्या कराराने विकलेल्या. मालक बऱ्याच कार्यक्रमांची आपली तिकिटं खुल्या बाजारात विकू शकतात. जुना मोठा बँड आला की याच खुर्च्यांचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट होतात. आजोळ म्हणतात तो सत्तरीचा चाहता, पेन्शनवर जगणारा, तिथे पोचतच नाही. आणि तिसरी_घंटा म्हणतात ती विशीतली मुलंही नाहीत.

पूर्वरंग

टेम्सकाठी, हा मुद्दा धाग्यात यायलाच हवा होता. हॉल धर्मादाय संस्था आहे, त्याला नियमित सरकारी अनुदान नाही, कोविडमध्ये दोन कोटी पौंडांहून जास्त कर्ज घ्यावं लागलं. त्यामुळे गर्दी खेचणारी नावं त्यांना लागतातच, आणि ती बहुधा जुनी असतात. माझा आग्रह तिथेच आहे: जुन्यांनाच बोलवा.

पण प्रॉम्सच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या शास्त्रीय संगीत महोत्सवाच्या, दिवसांत याच हॉलमध्ये मधल्या मोकळ्या जागेत उभं राहून ऐकायचं तिकीट २०२५ मध्ये आठ पौंडांना मिळत होतं. वर्धापनाच्या रात्री तशीच जागा रॉकसाठीही ठेवा, त्याच दराने, त्याच दिवशी रांगेत उभं राहणाऱ्याला.

तिसरी_घंटा

उभ्या जागेला पूर्ण पाठिंबा. पण त्या रात्री खाजगी खुर्च्यांची तिकिटंही मालकांनी मूळ दराने हॉलकडे परत द्यायला हवीत. ते होत नसेल तर आठ पौंडांची रांग म्हणजे वरवरची मलमपट्टी. आणि मंचावर पहिला तास अजूनही मी नव्या बँडलाच देईन, पूर्वरंग. रांगेत उभ्या असलेल्या मुलांना त्यांच्या वयाचं कुणीतरी आधी दिसू दे. मग डॉल्ट्री येऊ दे, आणि हवं तितका वेळ गाऊ दे.

मंद्रसप्तक

हा क्रम ध्वनीच्या दृष्टीनेही बरा. एका तासात हॉल भरतो, माणसांच्या अंगावरच्या कपड्यांनी घुमट आणखी निवतो, आणि मागून येणाऱ्या म्हाताऱ्या कानांना स्वतःचा सूर सापडायला सोपं जातं. फक्त ड्रम थोडे मागे घ्या.