आपला गोतावळा ग्रुप : बर्कलीचं काही कळलं का?

आई (स. ६:५०): सोनूच्या बर्कली विद्यापीठातल्या प्रवेशाचं अजून काही नाही. रात्री साडेतीनला उठून पोर्टल पाहिलं, तिकडे दुपारचे तीन झाले होते. तेच वाक्य, अर्ज विचाराधीन. आज २४ तारीख. कुणाला काही माहिती असेल तर सांगा, माझा जीव थाऱ्यावर नाही.

आत्या: अगं बाई, अजून नाही? आमच्या ओळखीतल्या एका मुलीला तर महिन्यापूर्वीच कळलं म्हणे.

मामा: ती बारावीनंतरची असेल. त्यांचे निकाल मार्च संपेपर्यंत लागतात. सोनूचा ट्रान्सफरचा, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षं करून विद्यापीठात जाण्याचा अर्ज आहे, त्यांना ३० एप्रिलपर्यंत कळवतात. आणि इथे अमेरिकेत अजून २३ ची संध्याकाळ आहे, ताई. उशीर झालेला नाही.

आत्या: मी आपलं ऐकलं ते सांगितलं.

आबा: डेव्हिस विद्यापीठाने जागा दिली आहे. १ जूनच्या आत स्वीकारावी. विसरू नये. - आबा

काका: मी काही बोलत नाही. जे बोलायचं ते दोन वर्षांपूर्वी बोललो होतो.

आई: भाऊजी, सकाळी सकाळी नको.

काका: वहिनी, तुम्हाला नाही म्हणत मी. ज्यांनी कम्युनिटी कॉलेज सुचवलं त्यांना म्हणतोय. थेट विद्यापीठात गेली असती तर आज जीव असा टांगणीला लागलाच नसता.

मामा: माझ्याबद्दलच चाललंय, तर सांगतो. ६० सेमिस्टर युनिट पूर्ण करून ती थेट तिसऱ्या वर्षाला जाते आहे. पदवी त्याच विद्यापीठाची मिळते. फी किती वाचली हे तिच्या बाबांना विचारा. आणि कुठला विषय कुठे धरला जातो हे असिस्टच्या वेबसाइटवर एकेक ताडून तिने स्वतः निवडलंय, मी नाही.

काका: मग धाकधूक कशाला?

मामा: कारण हमी सगळीकडे मिळत नाही. टॅग, म्हणजे प्रवेशाच्या हमीचा अर्ज, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फक्त सहा ठिकाणी करता येतो: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. त्यातलंही एकच निवडायचं. तिने सप्टेंबरमध्ये डेव्हिस निवडलं आणि ते मिळालं. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो हमी देतच नाहीत. तिथे वाट बघण्याला पर्याय नाही.

दादा: काकू, तुम्ही इतक्यांदा लॉगिन करता, बर्कलीवाल्यांना वाटत असेल अर्ज तुमचाच आहे 😄

आई: तुला हसू येतंय.

दादा: सॉरी काकू. ताण हलका करायला म्हटलं. बरं, कुणीतरी लिहिलंय की पोर्टलवरचा एक दुवा गायब झाला की प्रवेश नक्की. स्क्रीनशॉट पाठवू?

मामा: नको. दरवर्षी हेच चालतं. कुणाचा रंग बदलतो, कुणाचा दुवा जातो, आणि पोरं रात्र रात्र जागतात. त्यातून काही कळत नाही.

आई: पाठव रे. बघते तरी.

बाबा: कुणीही काही पाठवू नका.

आत्या: भाऊ, तू मघाशी थेट विद्यापीठ म्हणालास. तुझ्या मुलाच्या वेळी कर्ज काढलंत, ते अजून फिटतंय ना?

काका: तो विषय इथे काढायची गरज नव्हती.

आत्या: नव्हतीच. पण दोन वर्षांपूर्वीचं तूच काढलंस.

दादा: आत्या, मी ग्रुपवर आहे.

आत्या: तुला नाही रे बोलले मी, राजा.

आबा: वाद नको. डेव्हिसची जागा १ जूनच्या आत स्वीकारावी. वर लिहिले होते, कुणी उत्तर दिले नाही. - आबा

बाबा: हो आबा, वाचलं.

काका: आबांचं बरोबर आहे. आजच डेव्हिसला होकार देऊन टाका. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?

मामा: सोडतंय कोण? बर्कलीचं ३० पर्यंत कळेल, होकाराला १ जूनपर्यंत वेळ आहे. मध्ये महिना हातात राहतो. व्हिसाची सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली नोंद मात्र एका वेळी एकाच संस्थेकडे पाठवता येते, म्हणून आधी ठरवायचं आणि मग कॉलेजला सांगायचं.

आई: काल व्हिडिओ कॉलवर होती. माझ्याशी बोलत होती, पण डोळे दुसऱ्याच खिडकीवर. मध्येच ईमेल आल्याचा आवाज झाला, तर अक्षरशः दचकली. वाचनालयाचं पुस्तक परत करायची आठवण होती ती. अंगठ्याचं नख पार कुरतडून टाकलंय. लहानपणी मोडलेली सवय. मी काही बोलले नाही, पण फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

आत्या: वहिनी 🙏

बाबा: मला परवा म्हणाली, डोकंच चालत नाही, स्टॅटिस्टिक्स सोडून देते.

मामा: काय?? हे आत्ता सांगताय?

बाबा: वैतागून बोलली असेल.

मामा: वैतागूनसुद्धा सोडायचं नाही. या सत्राला काय शिकते आहे ते तिने जानेवारीच्या अपडेटमध्ये लिहून दिलंय. न कळवता विषय सोडला किंवा गुण घसरले, तर दिलेला प्रवेशही काढून घेऊ शकतात. डेव्हिसचासुद्धा. टॅग असला तरी. शेवटची गुणपत्रिका १ जुलैपर्यंत पोचवायची असते, ती बघतातच. इतका वेळ आपण बर्कलीवर भांडतोय, पण तिच्या हातात असलेली गोष्ट ही एकच आहे.

काका: म्हणजे सत्र नीट संपलं नाही तर दोन्ही जातील?

मामा: तशी वेळ येऊ शकते.

काका: मग तिला आत्ताच फोन करा कुणीतरी.

आई: मी करते.

बाबा: थांब. पाच जणांनी एकदम फोन नको. मी एकटा करतो.

सोनू: करू नका. वाचतेय मी सगळं.

सोनू: स्टॅट्स सोडलेलं नाही. काउन्सेलरनी मामासारखंच सांगितलं. उद्या त्याचीच परीक्षा आहे. फोन बॅगेत टाकून वाचनालयात बसले होते, बाहेर आले तर ६३ मेसेज.

दादा: सोनू, स्क्रीनशॉटचं माझं चुकलं.

सोनू: ठीक आहे दादा. तो मीही पाहिलाय. माझा दुवा अजून आहे.

सोनू: काका, मला डेव्हिस आवडतं. नाही मिळालं बर्कली तर तिथे जाईन आणि नीट शिकेन. पण वाट बघू दे मला. दोन वर्षं त्याच्यासाठीच केलंय सगळं.

काका: बघ बाळा. माझं म्हणणं तुझ्या काळजीपोटीच होतं.

सोनू: माहितीये काका.

सोनू: आई, पोर्टलचा पासवर्ड बदललाय मी. आत्ताच.

आई: का गं? मी काय केलं?

सोनू: काही नाही केलंस. पण ते पान पहिल्यांदा मला बघायचंय. तू आधी बघितलंस तर तुझ्या आवाजावरूनच मला कळेल.

आई: बरं.

आई: चुकलंच माझं. नाही उघडणार.

सोनू: तसं नाही गं. कळलं की पहिला फोन तुलाच. तिकडे मध्यरात्र असली तरी.

आत्या: पण साधारण किती वाजता कळतं ते?

बाबा: ताई, पुरे आता.

आबा: सोनू, परीक्षेला शुभेच्छा. १ जून लक्षात असू दे. - आबा

सोनू: हो आबा. भिंतीवर लिहून लावलंय. फोन बंद करतेय आता.

आई: मी माझा चालू ठेवते. उशाशीच असतो.