भाच्याला बीएसएफची कच्छ पोस्टिंग, तिथे नक्की काम काय असतं?

द्राक्षवाला_निफाड:
मंडळी, भाचा एसएससी जीडीतून (केंद्राच्या जवान भरतीची परीक्षा) बीएसएफला लागला, नाशिकला गोल्फ क्लबवर पहाटे पळून पळून 5 किमी 24 मिनिटांच्या आत आणलं होतं पोराने. आता पोस्टिंग कच्छच्या रणात. ताई रोज रडते, तिला वाटतं तिकडे रोज गोळीबार. दाजी म्हणतात जिथे चिटपाखरू नाही तिथे राखायचं काय? कोणाला माहितीये का?

रिटायर्ड_देवळाली:
मी होतो बीएसएफमध्ये, कच्छ आणि जैसलमेर दोन्हीकडे. ताईंना सांगा गोळीबाराची बातमी येते ती बहुतेक जम्मूकडची. आणि दाजींना सांगा, चिटपाखरू नाही म्हणूनच राखावं लागतं, गावात अनोळखी दिसला की चार जण हटकतात, रणात कोण हटकणार? जैसलमेरला बॉर्डरच्या तारेलगतची वाळू ओढून सपाट करून ठेवतात आणि सकाळी तिथे खुरा बघत चालायचं, खुरा म्हणजे पायाचे ठसे. काही बेणी उलट्या पावली चालत येतात म्हणजे ठसे बाहेर गेल्यासारखे वाटतील, पण वजन टाचेवर पडलंय का चवड्यावर ते जुना हवालदार वाकून बघतो आणि लगेच सांगतो. वादळ आलं की ठसेही गेले आणि तारही वाळूत, मग उपसत बसा.
कच्छचं वेगळं, पावसाळ्यात रणात पाणी, नंतर मीठच मीठ, दुपारी डोळे दिपतात, लांबचं झुडूप चालत आल्यासारखं दिसतं. हरामी नाल्याकडे (बॉर्डरवरची दलदलीची खाडी) ड्युटी लागली तर बोट आणि चिखल, तिथे पाकिस्तानी मच्छीमारांच्या सोडून दिलेल्या बोटी सापडतात. गॉगल चांगला घेऊन द्या पोराला, त्यात पैसे वाचवू नका.

पंचवटी_कट्टा:
बीएसएफचा जन्मच कच्छमुळे झालाय म्हणा ना. 9 एप्रिल 1965 ला पाकिस्तानने सरदार पोस्टवर हल्ला केला, तेव्हा तिथे सीआरपीएफ आणि गुजरातचे राखीव पोलीस होते, त्यांनीच लढवली चौकी. मग कळलं की प्रत्येक राज्याच्या पोलिसांवर बॉर्डर सोडून भागत नाही, 1 डिसेंबर 1965 ला बीएसएफ उभी राहिली, पहिले डीजी म्हणजे महासंचालक रुस्तमजी. ठसे वाचायची विद्या तिथल्या पगी लोकांची, बनासकांठ्याचे रणछोड पगी तर 65 आणि 71 दोन्ही युद्धांत सैन्याला वाट दाखवायला होते.

सिडको_बॉय:
सगळं भारी आहे पण बीएसएफ गृहमंत्रालयाखाली येतं, आर्मी नाही. 2004 पासून भरती झालेल्यांना आर्मीसारखी पेन्शन नाही हे कोणी बोलतच नाही, ऊन तेच, तार तीच.

द्राक्षवाला_निफाड:
देवळालीकर काका, ताईला वाचून दाखवलं, गोळीबाराचं टेन्शन गेलं तर आता चिखलाचं सुरू 😅 अजून एक, दिवाळीनंतर त्याचं लग्न काढायचंय, सुट्टी मिळेल ना?

रिटायर्ड_देवळाली:
वर्षाला 60 दिवस ईएल म्हणजे अर्जित रजा असते पण एकदम सगळ्यांना कशी सोडणार, चौकीवर माणसं मोजकीच. साखरपुडा खुशाल उरकून घ्या, हॉलचा ॲडव्हान्स मात्र सुट्टी मंजूर झाल्यावरच. आणि येताना भुजहून कच्छ एक्सप्रेस वांद्र्यापर्यंतच येते, पुढे नाशिकरोडचा अख्खा प्रवास वेगळा, तेवढा दिवस धरून चला.