जीएनएम, सहा महिने जर्मन आणि थेट विमान?

सिस्टर_ट्यूटर: एका ग्रुपवर सल्ला फिरतोय: "बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं कशाला? जीएनएम (नर्सिंगची पदविका) तीन वर्षांत उरका, सहा महिने जर्मन करा आणि नर्स म्हणून जर्मनीला निघा." असल्या सल्ल्यावर पालक कर्ज काढतात, म्हणून सविस्तर लिहिते. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे संस्थेच्या अंदाजाने शून्यापासून बी-२ पर्यंत, म्हणजे तिथे नर्सला लागणाऱ्या भाषापातळीपर्यंत, ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. सहा महिन्यांत उरकायचं तर रोज चार-पाच तासिका, वर गृहपाठ. परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं या चारही भागांत शंभरपैकी प्रत्येकी ६० गुण हवेत. मुली अडकतात त्या लेखनात आणि बोलण्यात. तिथल्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात २१०० तास थिअरी आणि २५०० तास प्रात्यक्षिक असतं. आपले तास त्याच्याशी ताडून पाहतात. कमी भरले तर तफावतीचं पत्र येतं. मग पूरक प्रशिक्षण तरी घ्या, नाहीतर परीक्षा द्या. तोवर काम मदतनिसाचं आणि पगारही त्याच पायरीचा.

ब्रदर_नांदेड: तफावतीचं पत्र बी.एस्सी.वाल्यांनाही येतं, ते का लिहिलं नाहीत? बी.एस्सी.ला बारावीत पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) लागतं, वर सीईटी. जीएनएमला कुठलीही शाखा चालते, ४० टक्के पुरतात. कला शाखेच्या मुलीने काय करायचं? आणि आम्हा मुलांचं तर कुणी बोलतच नाही. एम्सच्या भरतीत ८०:२० चं आरक्षण, शंभरातल्या ८० जागा महिलांना. परदेशी नाही जायचं तर जायचं कुठे?

सिस्टर_ट्यूटर: ८०:२० वर वेगळा धागा काढा, मी तुमच्या बाजूने लिहीन. पण एम्सच्या नर्सभरतीच्या परीक्षेचं, नॉरसेटचंच घ्या. बी.एस्सी. झालेल्याला लगेच बसता येतं. जीएनएमला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. वाचलेलं एक वर्ष तिथेच गेलं की.

रात्रपाळी: खरी अडचण भाषेच्या पुढची आहे. आपल्याकडे अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन हे सगळं मावशी आणि नातेवाईक करतात. तिकडे तेच नर्सचं रोजचं काम. सलाईनची सुई मात्र बऱ्याच ठिकाणी डॉक्टर लावतात. इथे आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळणारी मुलगी तिकडे आजोबांना आंघोळ घालताना खचते.

ब्रदर_नांदेड: म्हणजे चार वर्षं शिकून आयाचं काम!

रात्रपाळी: आयाचं काम म्हणू नका, राग येतो. बेडबाथमध्ये, म्हणजे रुग्णाला खाटेवरच अंग पुसून आंघोळ घालताना, नर्सचे डोळे रुग्णाचं अख्खं अंग तपासत असतात. रुग्णाचे डोळे आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसायचे, गुप्तांग शेवटी, पाणी गढूळ किंवा गार झालं की बदलायचं. पाठ पुसताना माकडहाड आणि टाचा बघायच्या. लाल डागावर बोट दाबून सोडलं आणि तो पांढरा पडला नाही, तर बेडसोअर (पडून राहिल्याने होणारी जखम) सुरू झाला. बेडसोअरचा धोका मोजणारा ब्रेडन स्कोअर १८ किंवा कमी असेल तर धोका धरायचा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, ३० अंशांवर, सरळ ९० वर नाही, कारण मग सगळा भार खुब्यावर येतो. हे मावशीवर सोडलं तर डाग दिसतो तेव्हा कातडी फाटलेली असते.

सिस्टर_ट्यूटर: आणि विद्यार्थ्यांच्या लॉगबुकात (प्रात्यक्षिकांच्या नोंदवहीत) "बेडबाथ १०" असं एका बैठकीत भरलेलं असतं! नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे तीन रुग्णांमागे एक विद्यार्थी. जिथे खाटा रिकाम्या, तिथे शिकणार कुणावर?

ब्रदर_नांदेड: मग कॉलेजांना धरा, मुलांना का घाबरवता? इथे थांबून काय मिळतं? ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही महिना २०,००० पेक्षा कमी देऊ नये, अशी केंद्राच्या समितीची शिफारस २०१६ ची आहे. कुठे पाळतात ते दाखवा.

रात्रपाळी: पाळत नाहीत, मान्य.

सिस्टर_ट्यूटर: पगाराचं मलाही मान्य. जाऊ नका असं मी म्हटलेलंच नाही. बी-१ (बी-२ च्या आधीची पातळी) होईपर्यंत एजंटच्या कागदावर सही करू नका, एवढंच. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा परवाना क्रमांक तपासा. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

ब्रदर_नांदेड: एजंटचं पटलं. जीएनएमचं नाही.

सिस्टर_ट्यूटर: नका पटवून घेऊ. पण तासांची विगतवारी कॉलेज सोडण्याआधी सही-शिक्क्यानिशी मागून घ्या. नंतर प्राचार्य बदलतात, जुनी रजिस्टरं सापडत नाहीत, आणि फाईल त्या एका कागदावर अडते.