वाड्यात १८४३ आणि आजचा काळ : 'बर्कले स्क्वेअर'च्या रूपांतराबद्दल प्रश्न

कृष्णाकाठ : हौशी नाट्य स्पर्धेसाठी जॉन बाल्डरस्टनच्या 'बर्कले स्क्वेअर'चं (१९२६) मराठी रूपांतर चाललंय. मूळ नाटकातला तरुण लंडनच्या जुन्या घरातून १७८४मध्ये जातो. इथे सांगलीचा वाडा घेतलाय. मागचा काळ कोणता धरावा, काळबदल एकाच सेटवर कसा दाखवावा आणि हक्कांचं काय? या नाटकावरच्या १९३३ आणि १९५१च्या चित्रपटांतून काही घेता येईल का?

विंगेतला : साल १८४३ घ्या, तेही ५ नोव्हेंबरच्या थोडं आधीचं. विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर', मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक, त्या दिवशी सांगलीत झालं; म्हणजे ते अजून व्हायचंय आणि तुमचा नायक वाड्यात बसून त्या प्रयोगाची तारीफ करून मोकळा होतो. मूळ नाटकाचा सगळा ताण अशा चुकांवरच उभा आहे. सांगलीच्या प्रेक्षकाला ही चूक तळटीप न देता कळेल. दुसरी चूक कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची. तो १९२९चा, तेव्हा १८४३मध्ये नदी नावेनेच ओलांडायची.

तारीखही जपा. वाड्यातली माणसं 'शके १७६५, शोभननाम संवत्सर' म्हणतील, इंग्रजी महिना फक्त नायकाच्या तोंडी. सेटवर रॉकेलचा कंदील, काडेपेटी, चहाचे कप, फोटोची फ्रेम यांतलं काहीही दिसता कामा नये. समई, चकमक आणि रंगवलेलं चित्र. समईत खरी ज्योत मात्र नको. रंगमंचावरची कापडी झालर पेटायला एक ठिणगी पुरते.

डिमरवाला : खोली दोन्ही काळांत तीच आहे, त्यामुळे सेट बदलायचाच नाही. बदलायचा तो प्रकाश. १९५१च्या चित्रपटात वर्तमान कृष्णधवल आणि भूतकाळ रंगीत आहे. रंगमंचावर ते असं जमतं: आजच्या प्रवेशात कपडे राखाडी-पांढरे, दिवे जिलेटिनशिवाय (म्हणजे दिव्यापुढच्या रंगीत कागदाशिवाय), मागच्या काळात अंबर म्हणजे पिवळसर-नारिंगी उजेड, आणि लाल-हिरवी लुगडी.

मधला क्षण जाळीच्या पडद्यावर घ्या. मच्छरदाणीची नायलॉन जाळी चालते, पण अखंड हवी, कारण शिवण उजेडात रेघेसारखी चमकते. पुढून उजेड असेल तर जाळी भिंतीसारखी दिसते. पुढचे दिवे पूर्ण शून्यावर नेऊन मागचे उघडले की आरपार दिसते. 'पूर्ण' यावर जोर. पुढचा एक स्पॉट १० टक्क्यांवर राहिला तरी जाळी दुधाळ होते आणि मागचं सगळं धुरकट. जाळीमागचा पहिला नट किमान २ फूट मागे असू द्या, नाहीतर त्याची सावली जाळीवर पडते. ब्लॅकआऊट ४-५ सेकंदांच्या वर नेऊ नका, प्रेक्षागृहात कुजबुज सुरू होते. लेव्हलच्या (उंच चौथऱ्यांच्या) कडांना रेडियमची पट्टी लावा.

टिचबटण : नायकाचं धोतर शिवलेलं करा, नाडीचं, आतल्या पँटवरून चढणारं. नेसायला वेळ दिला तर प्रवेश पडतो. अंगरख्याला वेल्क्रो अजिबात नको. शांततेत त्याचा फर्रकन आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. टिच बटणं लावा आणि ही अदलाबदल रंगीत तालमीच्या आधी घड्याळ लावून किमान वीसदा करा, विंगेतल्या अंधारातच.

विंगेतला : १९३३च्या चित्रपटाबद्दल एक. त्यातल्या लेस्ली हॉवर्डने नायकाची भूमिका आधी १९२९मध्ये ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर) केली होती. चित्रपटात हेलन, म्हणजे मागच्या काळातली नायिका, नायकाच्या डोळ्यांत पुढचा काळ बघते आणि कॅमेरा ती दृश्यं दाखवतो. ते उचलू नका, प्रोजेक्टर तर नकोच. एक स्पॉट, मुलीचा चेहरा, आणि ती काय बघतेय हे फक्त तिच्या तोंडून. तिथे प्रेक्षक तिच्यावर विश्वास ठेवतो.

हक्कांचं: भारतात शेवटच्या सहलेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संपावी लागतात. बाल्डरस्टन १९५४मध्ये वारले, सहलेखक जे. सी. स्क्वायर १९५८मध्ये, म्हणजे मुदत २०१८अखेर संपली. ही सवलत मूळ इंग्रजी नाटकाची, कुणी केलेल्या मराठी अनुवादाची नव्हे. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे) वेळेत पाठवा, प्रमाणपत्राशिवाय प्रयोग लावता येत नाही.