मदत हवी आहे: अभ्यासाच्या खोलीला निळा की हिरवा? परवा रंगारी येतोय

सिडकोकर: मुलीची दहावी आहे. निळ्याने लक्ष लागतं म्हणतात, हिरव्याने डोळे निवतात म्हणतात. डबा उद्याच घ्यायचाय. एकच रंग सांगा, फाटे फोडू नका.

ब्रशपट्टी: खिडकी कुठल्या दिशेला? खोली केवढी? प्लास्टर जुनं की नवं?

गोदाकाठ: गुलाबी द्या. १९७९ मध्ये सिॲटलच्या नौदल तुरुंगात कोठडी गुलाबी केली आणि कैदी निवळले. आठ भाग पांढऱ्यात एक भाग लाल.

पंचवटी_७: तो बेकर-मिलर गुलाबी. पुढे स्वित्झर्लंडच्या तुरुंगात साध्या कोठडीशी तुलना करून पाहिली, आक्रमकपणात फरक दिसला नाही. अर्धी माहिती देऊ नका.

ईशान्य: ताई, टेबल पूर्वेकडे तोंड करून ठेवा. रंग नंतर.

सिडकोकर: टेबल भिंतीतच बसवलंय, हलत नाही! खिडकी पश्चिमेला, १० बाय १२, एक ट्यूब. खिडकीची भिंत तीन आठवड्यांपूर्वी प्लास्टर केली.

ब्रशपट्टी: हे आधी सांगायला हवं होतं. ओल्या सिमेंटमधल्या क्षाराने काही निळी रंगद्रव्यं उडतात, भिंतीवर फिकट ठिपके पडतात. निदान २८ दिवस थांबा. दीड फूट चौरस पॉलिथिन चारही कडा टेपने बंद करून भिंतीला चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर ओल आहे.

पंचवटी_७: आणि लक्ष लागणं भिंतीच्या रंगावर ठरतं, याला भक्कम पुरावा नाही. उजेडाचं तसं नाही. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाने रात्री मेलाटोनिन (झोप आणणारं संप्रेरक) दबतं, झोप उशिरा लागते. रात्री टेबलाला ४००० केल्विनचा (पांढरट), झोपण्याआधी तासभर २७०० केल्विनचा (पिवळसर) दिवा. भिंत फिकट ठेवा, गडद रंग एका ट्यूबचा उजेड गिळतो.

गोदाकाठ: मग निळा चालेल ना?

ब्रशपट्टी: फिकट हिरवट पांढरा घ्या, मॅट. चकचकीत रंगावर संध्याकाळचं ऊन टेबलावर उलटतं. शेड कार्डावर आवडेल त्याहून एक पायरी फिकट, कारण चार भिंतींवर रंग गडद वाटतो. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारून दुपारी चारला आणि ट्यूबखाली बघा. उंची १० फूट धरली तर दार-खिडकी वजा जाता साधारण ४०० चौरस फूट, दोन हातांना ७ लिटर.

सिडकोकर: म्हणजे रंगाऱ्याला येऊ नको सांगू?

ब्रशपट्टी: येऊ द्या. जुन्या तीन भिंती घासून पुट्टी, प्रायमर करून घ्या. चौथीला आज पॉलिथिन लावा.