"तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणताना तुमचं काय झालं? अनुभव लिहा

सगळ्यांना जय ख्रिस्त. बरेच दिवस मनात होतं म्हणून विचारतेय. प्रभूची प्रार्थना, येशूनं शिष्यांना शिकवलेली, आपल्याला लहानपणापासून पाठ, झोपेतून उठवलं तरी म्हणू, पण त्यात रोजची भाकर मागायच्या आधी तीन गोष्टी येतात, तुझं नाव पवित्र मानलं जावो, तुझं राज्य येवो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे माझ्या लक्षात यायला चाळिशी उजाडली. मी आपली सरळ भाकरीवर यायचे.

माझंच सांगते आधी. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. बदलीच्या वेळी मी देवापुढं पसंतीक्रमच ठेवला होता, नगरजवळ, नाहीतर राहुरी, त्यापलीकडं नको, सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलाची दहावी आहे, सगळी कारणं सोबत जोडलेली. तीन दिवस उपास-प्रार्थना केली. ऑर्डर आली अकोले तालुक्यातली, पार डोंगरात. खूप रडले आणि खरं सांगायचं तर महिनाभर प्रार्थनाच केली नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक मावशी घरी आल्या, चहा घेतला न म्हणाल्या, "बाळा, तू देवाकडं अर्ज करत होतीस का आदेश काढत होतीस?"

पहिलं वर्ष जडच गेलं. बदललं ते एवढंच की सकाळी एसटीत बसल्यावर "मला इथून काढ" च्या जागी "आज इथं माझ्याकडनं काय करून घेणारेस" असं विचारायला लागले, आणि चौथीतलं एक पोरगं, अक्षरओळख नसलेलं, त्याच्या शेजारी बसायला मला वेळ सापडायला लागला. आधीपण ते तिथंच बसायचं, खिडकीपाशी.

तुमचंही लिहा. सगळं चांगलंच झालं पाहिजे असं नाही.

वसईकर:
आम्ही कॅथलिक. पप्पांना लिव्हरचा कॅन्सर निघाला तेव्हा मी माहीमच्या चर्चची नोव्हेना, म्हणजे नऊ बुधवारांची प्रार्थना धरली, ड्युटी संपली की अंधेरीला गाडी बदलून जायचो. सातव्या बुधवारनंतर पप्पा गेले. उरलेले दोन बुधवार मी रागात पूर्ण केले. मयताला आलेला प्रत्येक जण "देवाची इच्छा" म्हणत होता, कृपा करून दुःखातल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगू नका, ते त्याचं त्याला देवाशी बोलून कळू द्या. बायबलमधल्या दाविद राजानं आपल्या आजारी बाळासाठी सात दिवस जमिनीवर पडून उपास केला, बाळ गेलंच, मग तो उठला, अंघोळ केली, देवाच्या घरात गेला. मला उठायला दीड वर्ष लागलं. पण एक गोष्ट आहे. शेवटच्या आठवड्यात पप्पांच्या हातात रोझरी असायची, अंगठा एकाच मण्यावर थांबलेला, पुढं सरकवायची ताकद नव्हती, आणि ते मला म्हणाले आता बरं कर म्हणू नको, सोबत राहा म्हण. त्या रात्रीपासून मी तेच म्हटलं. आणि शेवटी त्यांच्या तोंडावर भीती नव्हती, हे मी स्वतः बघितलंय.

मिरजेची सिस्टर:
माझं उलटं आहे. मी प्रत्येक प्रार्थनेला "तुझी इच्छा असेल तर" लावायचे आणि ती माझी पळवाट होती, म्हणजे नाही मिळालं तरी वाईट वाटायला नको. गेथशेमाने बागेत, पकडले जायच्या आधी, प्रभू येशूनं आधी मनातलं स्पष्ट सांगितलं की हा दुःखाचा प्याला दूर कर, आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे, तेही तीनदा. प्रेषित पौलानंही त्याला छळणारा शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, कृपा पुरे आहे असं उत्तर मिळालं. तेव्हा आता नाइट ड्युटीला पेशंटसाठी मी थेट मागते, नाव घेऊन, हात धरून. देवापुढं खोटं शहाणपण नको.

पुण्याचा:
लग्न ठरवायच्या वेळी, बायबलमधल्या गिदोनानं लोकर ओली-कोरडी करून देवाकडं खूण मागितली, तशा खुणा मी मागत होतो, पाचच्या आत फोन आला तर हो, आज पाऊस पडला तर नाही. पाळकसाहेब म्हणाले, वचन वाच, आईवडिलांशी बोल, मुलीशी नीट बोल, मग गुडघे टेक. शेवटी स्थळाला नकार तिनंच दिला. आज वाटतं बरंच झालं, त्या दिवशी मात्र नाही वाटलं.

आजी, श्रीरामपूर:
नातू टाइप करून देतोय. माझी आई केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. ती बाईंचं सांगायची, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ ला गेली, बाई स्वतः ५ एप्रिल १९२२ ला, पण शेवटपर्यंत बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. आई म्हणायची, त्या वर्षी बाईंनी देवाकडं काय मागितलं असेल गं?

आईच्याच घराच्या वाटणीवरून माझी नि भावाची केस चालू आहे, अकरा वर्षं झाली. मी रोज केस जिंकू दे म्हणायची, आणि "जसे आम्ही आमच्या ऋण्यांस" ही दुसऱ्याला क्षमा करायची ओळ आली की आवाज बारीक करायची. तुमचं सगळ्यांचं ऐकल्यावर काल रात्री मी तिथंच थांबले. पुढं जाता येईना. भावाचं नाव घेतलं फक्त, दुसरं काही मागितलंच नाही. या महिन्यात तारीख आहे, कोर्टाबाहेरच्या बाकावर तो एकटाच बसतो, त्याला आता शुगर आहे असं ऐकलंय. डब्यात दोन भाकरी जास्त टाकीन म्हणते, विचारायचं धाडस होतंय का बघू.