किराणा घराण्यावर वाढलेला कान, अमेरिकन ऑर्केस्ट्रात पुढे काय ऐकू?

चादरवाला: नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडला आमचे यंत्रमाग आहेत. आजवर ऐकलं ते भीमसेनजी नाहीतर गंगूबाई. भाच्यानं ॲरन कोपलंडचं 'ॲपलाचियन स्प्रिंग' पाठवलं. त्यात क्लॅरिनेटवर एक साधी धून येते आणि मग तीच वाद्यावाद्यांतून फिरते, तिथं मी अडकलो. असं अजून काय आहे? कर्कश नको ओ, दिवसभर माग ऐकतोच की. आणि एकेका कृतीची ढीगभर रेकॉर्डिंगं दिसतात, कुठलं धरायचं?

सातरस्ता: ती धून शेकर या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या 'सिंपल गिफ्ट्स' या गाण्याची. 1944 चा मूळ बॅले फक्त 13 वाद्यांचा, नर्तकी मार्था ग्रॅहमसाठी लिहिलेला. मोठ्या ऑर्केस्ट्रासाठीचा स्वीट, म्हणजे बॅलेतले निवडक भाग एकत्र गुंफलेली रचना, नंतरचा. तो संचालक बर्नस्टाइन आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राचा ऐका, पण 13 वाद्यांचं रूपही शोधाच. मला तेच आवडतं, गर्दी नाही.

पुढे हॉवर्ड हॅन्सनची दुसरी सिम्फनी (ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना), 'रोमँटिक', 1930 ची. मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये हॅन्सननं स्वतःच ऑर्केस्ट्रा चालवलाय, तेच घ्या. पहिल्या भागातली सुरावट पुढंही भेटत राहते, त्यामुळं नवखा माणूस हरवत नाही. मग विल्यम ग्रँट स्टिलची 'ॲफ्रो-अमेरिकन सिम्फनी': सगळा पाया ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाण्यांचा, तिसऱ्या भागात चक्क बँजो हे तंतुवाद्य.

सॅम्युअल बार्बरचा 'अडाजिओ' मात्र कारखान्यात नको. सुरुवात इतकी हळू की तुम्ही आवाज वाढवणार, आणि व्हायोलिनं टोकाला पोचली की कानठळ्या. रात्री घरी लावा.

तानपुराहवाच: ॲलन होव्हानेस कसे विसरलात राव? 1959-60 मध्ये हे गृहस्थ मद्रासला राहून कर्नाटक संगीत शिकले. 'मिस्टीरियस माउंटन' ही त्यांची सिम्फनी त्याआधीची, 1955 ची, तरी आपल्या कानाला परकी वाटत नाही. संचालक फ्रिट्झ रायनर, ऑर्केस्ट्रा शिकागो सिम्फनी. दुसरं बघूच नका.

चादरवाला: रायनर काल ऐकलं. पहिला भाग झकास! मधल्या भागात सगळे एकमेकांच्या मागं धावायला लागले, तिथं काही कळेना.

सातरस्ता: तो दुहेरी फ्यूग. आधी संथ सुरावट एकेक वाद्यगट उचलतो, मग दुसरी भरधाव येते, आणि शेवटी दोन्ही एकावर एक. आज फक्त संथवाली धरून बसा, बाकीचे धावू देत. आणि हेडफोन लावा, मोबाईलच्या स्पीकरवर खालचे सूर येतच नाहीत.